हलक्या गोळ्याचा उशीर

आमचा विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी मास्तरीण झाले. वय बावीस. नागपूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन बाहेर पडले होते आणि घरात लग्नाची बोलणी सुरू झाली होती. चांद्याहून मूल या गावी आणि तिथून पुढे वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. तिथे नवीन हायस्कूल निघालं होतं. विज्ञान शिकवायला कोणी टिकत नव्हतं. पुरुष उमेदवार सकाळच्या मोटारीने येत, गाव पाहत आणि संध्याकाळच्या मोटारीने परत जात. मी अर्ज केला तेव्हा त्यांनी मुलाखत न घेताच होकार कळवला.

वडील मला पोचवायला आले. खोली मिळाली ती पोस्टाच्या ओळीत. पोस्ट म्हणजे कवेलूच्या छपराचं लांबट घर. पुढच्या दोन खोल्यांत कचेरी, मागे पोस्टमास्तरांचं बिऱ्हाड आणि त्याला लागून माझी खोली. तिन्हींना मिळून एकच पडवी. वडील पोस्टमास्तरांना म्हणाले, "पोरगी तुमच्या भरवशावर ठेवून जातो, भाऊ." पोस्टमास्तर मितभाषी. त्यांनी नुसती मान हलवली. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "काई काळजी करू नोका, भाऊ. आमी हाओ ना इथी."

ही बाई चाळिशीची असेल. शाळा तिसरीपर्यंत झालेली, मूलबाळ नाही. मी शिक्षिका म्हणून ती मला बाई म्हणे आणि वयाने मोठी म्हणून मीही तिला बाई म्हणे. सुरुवातीला दोघींनाही हसू यायचं, मग सवय झाली.

गावात वीज नव्हती. विजेशी संबंध असलेल्या वस्तू दोनच: ग्रामपंचायतीचा बॅटरीवरचा रेडिओ आणि पोस्टातलं तारयंत्र. यंत्राची लोखंडी जीभ लोखंडी गाभ्यावर कटकट करायची आणि त्या कटकटीतून पोस्टमास्तर अक्षरं वेचून कागदावर उतरवायचे. भिंतीपलीकडे बाईंचा स्वयंपाक चाललेला असे. एकदा मी तिथे पाटावर बसले होते. यंत्र वाजायला लागलं तशी ती थांबली, पोळपाटावरचा हात तसाच राहिला, आणि म्हणाली, "चांद्याले आज नवीन मानूस बसला हाय. हात अडखळून राह्यला त्याचा."

"तुम्हाला समजतं?" मी विचारलं.

"मले काय इंग्रजी येते? पन वीस वरसं आयकून राह्यलो. आपल्या हापिसाची हाक समजते, नागपूरची समजते. कोनी गेल्याची तार असली तं तेही समजते. ते सबद सारखा सारखा येते ना." मग पोळी तव्यावर टाकत म्हणाली, "तुमच्या भाऊंले सांगू नोका. सरकारी गोष्ट हाय. ते रागावतीन."

पोस्टमास्तरांना मीही भाऊ म्हणत असे. त्यांना मी सांगितलं नाही.

शाळा म्हणजे जमीनदारांच्या वेळच्या जुन्या मालगुजारी गोदामाचे चार वर्ग. विज्ञानाचं साहित्य एका पेटीत मावत असे: दोन भिंगं, एक घोड्याच्या नालेसारखा चुंबक, काचेची काही नळकांडी, एक विजेचा प्रवाह मोजायचं मीटर आणि सूचीपत्र. सूचीपत्रात लिहिलेल्यांपैकी निम्म्या वस्तू पेटीत नव्हत्या.

दिवाळीनंतर नववीला मी पडणाऱ्या वस्तूंचा धडा घेतला. जड आणि हलकी वस्तू एकाच उंचीवरून एकाच वेळी सोडली, हवेचा अडथळा धरला नाही, तर दोन्ही एकाच वेळी जमिनीवर पोचतात, असं मी सांगितलं. मग वर्गातल्या चार मुलींपैकी एक उभी राहिली. तिच्या घरचे जंगलालगतच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर राहत, मोहाची फुलं आणि तेंदूची पानं गोळा करत. ती म्हणाली, "बाई, हे काई पटत नाई."

"का बरं?"

"आमी झाडाखाली जिंदगी काढून राह्यलो. सुकी काडी पडते हळू. ओलं लाकूड पडते धाडकन. आमची आजी सांगते, जड पडून राह्यलं तं पहिले पळा, मंग वर पाहा."

वर्ग हसला, मीही हसले. मी अंगणातले दोन दगड आणवले, एक नारळाएवढा, एक सुपारीएवढा, आणि बाकावर चढून दोन्ही सोडले. अर्धा वर्ग ओरडला, "संगंच!" अर्धा ओरडला, "मोठा पहिले!" परत सोडले. परत तेच. ज्याला जे दिसायला हवं होतं ते दिसत होतं. माझे दोन्ही हात एकाच क्षणी उघडतात की नाही, हेही मला स्वतःला सांगता येत नव्हतं.

मी हेडमास्तरांकडे गेले. मोठे सज्जन गृहस्थ, गणित शिकवायचे. ते म्हणाले, "पुस्तकात हाय ना? मग झालं. परीक्षेत तेच लिहायचं हाय."

"पण पोरांना पटलं नाही."

"पटायले टाइम लागते, बाई. माझ्या पोरांले अजून उणे गुणिले उणे पटलं नाई."

तरी मला ते सोडवेना. कॉलेजात एका सरांनी एक यंत्र दाखवलं होतं, अगदी साधं. कंडेन्सर नावाचा एक डबा असतो, त्यात वीज भरून ठेवता येते. तो एका बारीक वाटेने रिकामा होऊ दिला, तर आत किती उरलं त्यावरून किती वेळ गेला ते कळतं. भोक पडलेल्या घागरीसारखंच. घागर भरून ठेवली, वस्तू सुटली त्या क्षणी भोक उघडलं, वस्तू जमिनीला लागली त्या क्षणी भोक बुजवलं. मग घागरीत उरलेलं पाणी मोजायचं. पाणी कमी उरलं तर वेळ जास्त लागला.

मला सेकंद मोजायचे नव्हते. जड गोळा आणि हलका गोळा, दोघांच्या वेळी घागरीत सारखंच पाणी उरतं का, एवढंच पाहायचं होतं.

नाताळात नागपूरला गेले तेव्हा सीताबर्डीवरच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून कंडेन्सर, बारीक वाटेसाठी रेझिस्टन्स आणि वार्निश लावलेली तांब्याची तार आणली. दुकानदाराला वाटलं, मी भावासाठी नेते आहे. मी त्याचा गैरसमज काही काढला नाही. बॅटरी गावातच मिळाली. ग्रामपंचायतीचा रेडिओ जाडजूड कोरड्या बॅटरीवर चालायचा आणि ती उतरली की पोरं ती फोडून आतल्या काळ्या कांड्या काढत. फुटायच्या आधीच एक मी मागून घेतली. रेडिओ वाजवण्याएवढी ताकद तिच्यात नव्हती, पण कंडेन्सर भरण्यापुरती बरीच होती.

उरला चुंबक. गोळा वर धरून ठेवायला आणि नेमक्या क्षणी सोडायला विजेचा चुंबक हवा होता. मी पोस्टमास्तरांना विचारलं, जुन्या तारयंत्राचं एखादं रीळ मिळेल का.

ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "सरकारी वस्तू हाय, बाई. मोडकी असली तरी देता येनार नाई."

मी जायला वळले. तेव्हा ते म्हणाले, "पाहायले मनाई नाई." आणि त्यांनी यंत्रावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. मी रविवारी दुपारभर तिथे बसून रिळाला किती वेढे, ते कसे घातले, गाभा केवढा, हे सगळं वहीत काढून घेतलं. तेवढा वेळ ते शेजारी बसून तिकिटांचा हिशेब लावत होते आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

लोहाराने बैलगाडीचा एक जाड बोल्ट दिला. त्यावर मी आणि बाईंनी पडवीत बसून तार गुंडाळली. मी बोल्ट फिरवायची, ती तार ताणून धरायची आणि मोजायची. मधूनच अदलाबदल केली की तिचे वेढे माझ्यापेक्षा सारखे बसत. "वात वळून वळून हात बसला हाय," ती म्हणायची. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. कंदील आणि चिमण्या सांधणाऱ्याने कथलाचे सांधे करून दिले. हे कशासाठी, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "खाली पडल्यावर कोन पहिले पडला, हे पाहून काय करनार?" पण सांधे मात्र पक्के केले.

गोळे दोन मिळाले. लाकडाच्या डेपोत मोडक्या लॉरीच्या चाकातले छर्रे, म्हणजे बेअरिंगचे पोलादी गोळे, पडून होते. त्यातला एक लिंबाएवढा, दुसरा बोराएवढा.

सगळं जुळवायला जानेवारी गेला. वर्गाच्या आड्याला चुंबक बांधला, त्याला वीज त्याच बॅटरीची. खाली डब्याच्या पत्र्याची एक झडप केली. गोळा तिच्यावर आपटला की ती खाली पडायची आणि घागरीचं भोक बुजायचं, म्हणजे वीज गळणं थांबायचं. टेबलावर लाकडाची एक किल्ली होती. ती उचलली की चुंबकाची वीज तुटायची आणि त्याच क्षणी कंडेन्सर गळायला लागायचा. शेवटी एक बटण दाबलं की उरलेली वीज मीटरमधून जायची आणि सुई उसळी घ्यायची. सुई किती घरांपर्यंत उसळली ते वाचायचं. एवढंच माझं घड्याळ.

मी ते रिकाम्या वर्गात आधी नीट करून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पण मला घाई झाली होती. एकदाच मोठा गोळा सोडून पाहिला. सुई उसळली, तेवढ्यानेच मी हरखले आणि दुसऱ्या दिवशी नववीला यंत्र दाखवायचं ठरवलं.

वर्ग खचाखच भरला. दहावीची पोरं खिडक्यांत. हेडमास्तर दाराशी खुर्ची टाकून बसले. मी घागरीची गोष्ट सांगितली, ती सगळ्यांना कळली. मोठा गोळा चुंबकाला लावला. किल्ली उचलली. धप्प. बटण दाबलं. सुई एकतीस घरांवर गेली. मी फळ्यावर लिहिलं: मोठा, एकतीस.

लहान गोळा लावला. किल्ली उचलली. टक्. बटण दाबलं. सुई सत्तावीसवर गेली.

मला वाटलं, नीट वाचलं नाही. परत केलं. मोठा, एकतीस. लहान, अठ्ठावीस. परत. मोठा, तीस. लहान, सत्तावीस.

वर्गाला गणित समजलं होतं. घागरीत कमी उरलं म्हणजे वेळ जास्त लागला. लहान गोळा उशिरा पोचत होता. कोणीतरी मागून म्हणालं, "मोठा पहिले!" आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. मोहवाली मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, काळजीने.

माझ्या मनात आलं, सुई वाचणारी मीच आहे. एकतीस म्हटलं असतं तर कोणाला दिसणार होतं? मीटर लहान, वर्ग लांब. तो विचार मनात आला हे मी लपवत नाही. पण खडू हातात होता आणि आकडे आधीच फळ्यावर लिहून झाले होते. मी त्यांच्याखाली लिहिलं: आज आपल्या यंत्राने दाखवलं की हलका गोळा उशिरा पोचला. मग वर्गाला म्हणाले, "पुस्तक एक सांगतं, यंत्र दुसरं सांगतं. दोघांपैकी एक चुकतंय. कोण ते मला अजून माहीत नाही."

तास संपल्यावर हेडमास्तर म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण हे आता बंद करा. पुस्तकातलं लिहून द्या. पोरं गोंधळून जातील."

"मला थोडे दिवस द्या, सर."

"किती?"

"माहीत नाही."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "शनिवारी दुपारी शाळा रिकामी असते," एवढंच म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. पडवीत बाईंनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझ्यासमोर भाजी-भाकर ठेवली आणि विचारलं, "मले दाखवता का तुमचं मशीन? त्यायच्या टायमाले नाई, आपल्या दोघींच्याच."

शनिवारी दुपारी आम्ही दोघी शाळेत गेलो. ती पहिल्यांदाच आमच्या शाळेत पाय ठेवत होती. दाराशी चपला काढायला लागली, मी नको म्हटलं तरी काढल्याच. मी यंत्र जोडलं, मोठा गोळा सोडला, मग लहान. आकडे तेच: एकतीस, सत्तावीस. मी आकडे वाचत होते. ती सुईकडे पाहतच नव्हती. भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती.

"परत करा," ती म्हणाली.

केलं.

"परत. लहान्या."

केलं.

"आता मोठा. आता परत लहान्या."

पाच-सहा वेळा झाल्यावर तिने डोळे उघडले. "बाई, तुमची किल्ली बोलते, मंग पत्रा बोलते. मोठ्याचं बरोबर हाय. लहान्याचं किल्ली बोलल्यावर मधी काईतरी राह्यते."

"तेच तर! लहान्याला उशीर होतो."

"उशीर होते, पन पडतानी नाई." ती उठली. "आमच्या घरच्या यंत्राले असंच होते कधी कधी. जीभ चिकटते. वीज गेल्यावरही लोखंड तिले सोडत नाई. तवा सबद लांबते, फाटते. हे तं तेच आयकू येते मले."

तिने बाक ओढला, त्यावर दुसरा बाक ठेवला आणि लुगड्याचा काचा आवळून वर चढली. आता तिचे डोळे चुंबकाच्या अगदी समोर होते. मी खालून बाक धरला.

"उचला किल्ली."

मी एका हाताने बाक धरून दुसऱ्या हाताने किल्ली उचलली. लहान गोळा पडला.

"पाह्यलं! किल्ली बोलली अन् तो वर बसून राह्यला. डोळ्याची पापनी हलवा इतकाच टाइम. मंग सुटला. मोठा लावा आता."

मोठा किल्लीबरोबरच सुटला. त्याचं वजनच एवढं होतं की उरलंसुरलं चुंबकत्व त्याला धरून ठेवू शकत नव्हतं. लहान गोळा हलका, त्याला बोल्ट सोडत नव्हता. गाडीचा बोल्ट कडक लोखंडाचा. एकदा चुंबक झाला की वीज बंद झाल्यावरही थोडा चुंबक राहतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. माझं घड्याळ किल्ली उचलल्यापासून मोजत होतं आणि गोळा पडायला सुरुवात त्यानंतर होत होती.

मला हसू आणि रडू दोन्ही आलं. "यंत्र चिकटलं की भाऊ काय करतात?" मी विचारलं.

"इस्क्रू फिरवतेत, जिभेले लोखंडाले टेकू देत नाईत. मधी थोडी जागा ठेवतेत. एखांद्या टायमाले कागदाचा तुकडा लावतेत."

कागद मी वहीचा फाडला, पण चिकटवायला काही नव्हतं. ती म्हणाली, थांबा, आणि घरी जाऊन तिकिटांच्या पानाच्या कडेची कोरी पट्टी घेऊन आली, मागून गोंद लावलेली. "हे फेकूनच देतेत," ती म्हणाली, कारण मी काय विचारणार हे तिला माहीत होतं. पट्टी जिभेने ओली करून तिने बोल्टच्या तोंडावर चिकटवली.

मोठा गोळा: बत्तीस. लहान गोळा: बत्तीस.

आम्ही देवळातल्या संध्याकाळच्या घंटेपर्यंत गोळे सोडत होतो. मोठा बत्तीस, लहान बत्तीस, एकदा एकतीस, परत बत्तीस. मोठ्याचाही एक घराचा उशीर आधी होत होता, हे आता कळलं. ती दर वेळी डोळे मिटून ऐकायची आणि मी सुई वाचायच्या आधीच सांगायची, "बरोबर." मग म्हणाली, "मी उचलू का किल्ली?" तिने किल्ली उचलली ती बोटांच्या टोकांनी, अगदी हलकी, पोस्टमास्तर तारयंत्राची किल्ली चालवायचे तशी.

सोमवारी मी हेडमास्तरांना सांगितलं, एक तास हवा आणि पोस्टातल्या बाईंनाही वर्गात बोलवायचं आहे. ते म्हणाले, "बोलवा." मी पोस्टमास्तरांची परवानगी घ्यायला निघाले. आता मला सगळंच सांगावं लागणार होतं आणि मी तिला शब्द दिला होता. म्हणून मी तिलाच विचारलं. तिने पदर नीट केला, कचेरीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी बाईच्या शाळेत जाऊन राह्यलो उद्या. त्यायच्या यंत्राची खोट मले आयकू आली. तुमचं यंत्र आयकून आयकून."

पोस्टमास्तरांनी शिक्का मारायचा हात थांबवला. "कवापासून आयकता?"

"लगन झालं तवापासून."

त्यांनी पुन्हा शिक्का उचलला, दोन पाकिटांवर मारला. मग म्हणाले, "मंग मले काऊन नाई सांगितलं? दुपारी माह्या डोळ्यावर झापड येते, तुमी उठवून तं दिलं असतं." त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की ही थट्टा आहे हे कळायला आम्हा दोघींना थोडा वेळ लागला.

मंगळवारी वर्गात तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. ती खुर्चीवर बसली नाही, मुलींच्या बाकावर जाऊन बसली. मी आधी जुनेच आकडे फळ्यावर लिहिले. मग कागदाची पट्टी काढून लहान गोळा सोडला आणि मोहवाल्या मुलीला बाकावर चढवून पाहायला सांगितलं. तिने पाहिलं आणि ओरडली, "बाई, हा सुटतच नाई लवकर!" एकेक करून अर्ध्या वर्गाने चढून पाहिलं. मग पट्टी लावली. मोठा बत्तीस, लहान बत्तीस. या वेळी सुई मी वाचली नाही. दर वेळी वेगळा विद्यार्थी पुढे येऊन वाचत होता. पहिल्या दिवशी मला जो मोह झाला होता, त्याला परत जागा ठेवायची नव्हती.

टाळ्या झाल्या नाहीत. हेडमास्तर खुर्चीतून उठून मीटरपाशी आले, स्वतः दोनदा गोळा सोडून पाहिला आणि म्हणाले, "हं." मग मोहवाल्या मुलीने विचारलं, "मंग आमची आजी खोटं बोलते का, बाई?"

मी उत्तर द्यायच्या आधीच बाई बोलल्या. भरल्या वर्गात त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "खोटं कायले बोलन? सुक्या काडीले वारा धरते, तशी ती हळू येते. अन् ओलं लाकूड डोक्यावर पडलं तं मानूस मरते. आजी पळाले सांगते ते बरोबरच हाय. पहिले पळायचं, मंग मोजायचं."

तिथून पुढचा महिनाभर शनिवारची दुपार आमची झाली. बाईंना नवनवीन गोष्टी मोजायच्या असत. उंची अर्धी केली तर वेळ अर्धा होतो का? झाला नाही, ती दोन दिवस त्यावर खट्टू होती. मी तिला वर्गमुळाचं गणित दाखवलं. ते तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "आयकाले बरं वाटते. समजलं नाई." नंतर एका शनिवारी स्वतःच म्हणाली की खाली येता येता वेग वाढतो, मग शेवटचं अर्धं अंतर पटकनच जायला पाहिजे ना. हे तिला स्वयंपाक करताना सुचलं होतं.

माझं लग्न लांबलं ते लांबलंच. वडील दर सुट्टीत विषय काढत आणि मी दर सुट्टीत एका नव्या वर्गाचं कारण सांगत असे. पुढे बत्तीस वर्षं मी शिकवलं, त्यातली सोळा त्याच शाळेत. यंत्र पहिल्याच पावसाळ्यात गेलं. कंडेन्सरमध्ये ओल शिरली आणि सुई हलेना. दुसरं केलं, तिसरं केलं. दर वर्षी नववीपुढे मी ते आधी बिनकागदाचं मांडायची आणि पोरांनाच खोट शोधायला लावायची. एका वर्गाला दोन दिवस लागले, एकाला तीन आठवडे. एका वर्षी कोणालाच सापडली नाही. तेव्हा मी सांगून टाकलं आणि आमचा धडा मागे पडला म्हणून हेडमास्तरांची बोलणी खाल्ली.

पोस्टमास्तरांची बदली मात्र पहिलं यंत्र केलं त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात झाली, सिरोंच्याला. तिथे तेलगू बोलतात म्हणून बाई जरा धास्तावल्या होत्या. सामान बैलगाडीतून आधीच गेलं होतं. मी त्यांना मोटार स्टँडपर्यंत पोचवायला गेले. आमचं बोलणं, डोळे पुसणं, पाया पडणं सगळं झालं, ती खिडकीशी जाऊन बसली आणि मोटार काही सुरू होईना. ड्रायव्हर पुढून हँडल मारत होता, क्लीनर त्याला शिव्या देत होता. निरोपाचं सगळं बोलून संपलं होतं आणि आम्ही दोघी तशाच एकमेकींकडे पाहत होतो. पोस्टमास्तर तिच्या पलीकडे बसून तिकिटं खिशात आहेत का ते पुन्हा पुन्हा चाचपत होते.

शेवटी ती खिडकीतून वाकली. "बाई, चुलीमागं आंब्याच्या लोनच्याची बरनी ठेवली हाय तुमच्यासाठी. वरून फडकं बांधून ठेवा. अन् ओल्या हातानं काढू नोका."

"नाही काढणार."

"मागच्या टायमाले काढलं होतं तुमी. बुरशी आली होती."

"या वेळी नाही काढणार," मी म्हटलं, आणि तेवढ्यात मोटार सुरू झाली.